हेल्मेटला ओठ नसतात

"मावशी, आवाजात अजून थोडी मासळी टाका ना!"

काचेपलीकडून शिवतेज बोलला आणि उज्वलाच्या हेडफोनमध्ये तीन-चार जण हसल्याचं ऐकू आलं.

"कसली टाकू? ताजी की सुकी?" उज्वलाने विचारलं.

"बघा! हेच पायजे! हेच टेकमध्ये बोला."

शिवतेज डबिंगचं रेकॉर्डिंग घ्यायचा. पोरगा मनाने वाईट नव्हता. असली कामं मनाने वाईट नसलेलीच माणसं करतात. वाईट माणसं वरच्या मजल्यावर बसून फक्त फोन करतात.

सानपाड्यातल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात हा स्टुडिओ. उज्वला नाखवाची निम्मी उमर या तळघरात गेली. बाई मोऱ्याची, कोळीवाड्यातली. लग्न करून करंजाड्याला आली. परदेशी मालिका मराठीत आणायच्या तर त्यातली गर्दीसुद्धा मराठीत ओरडावी लागते, आणि ती गर्दी म्हणजे उज्वला. भूकंपात पळणारी बाई ती, पुलावरून पडणारी बाई ती. परग्रहावरून हल्ला झाला की "माझं बाळ! माझं बाळ!" करणारीही तीच. किती वेळा मेली असेल, पण नाव असं कधी मिळालं नाही. गर्दीला नाव नसतं.

या वर्षी पहिल्यांदा तिला पात्र मिळालं. तेही पाच जणांच्या टीममधलं.

मालिका जपानी. मराठीत नाव ठेवलं 'पंचतेज'. पाच वीर, पाच रंगांचे सूट, तोंडावर हेल्मेट. लाल, निळा, काळा, हिरवा आणि पिवळी. पिवळी पाचांत वयाने मोठी, समुद्रात बुडी मारून काम करणारी. कमी बोलते. ती बोलली की बाकीचे चौघे थांबतात.

उज्वलाने आईला फोन केला तेव्हा गंगूबाई मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी निवडत बसली होती. तिने तिथूनच अख्ख्या कोळीवाड्याला ओरडून सांगितलं, "माजी पोर टीवीवरची पिवली झालीय!"

मग चॅनेलचा हुकूम आला. पिवळीला कोळीण करा. आगरी-कोळी टच द्या. लोक रिलेट करतील.

हे रिलेट करणं काय असतं ते एकदा बघाच. जपान्यांची मूळ टीम पाच जणांची एक ओळ असते. उभे राहतील तर खांद्याला खांदा, ओरडतील तर पाची तोंडांनी एकच वाक्य. त्यांचंही सगळं गोड नाही. मोठ्यापुढे धाकट्याचं तोंड उघडत नाही, आणि स्वतःच्या मनासारखं वागला त्याला शेवटी माफी मागावी लागते. अमेरिकेने असल्याच टीमची स्वतःची आवृत्ती काढली, तीही याच तळघरात मराठीत आली. तिच्यात पाच जण म्हणजे एका दुकानाचे पाच मालक. प्रत्येकाचं वेगळं दुःख, प्रत्येकाचा वेगळा टोमणा. जग बुडत असताना आधी एकमेकांशी भांडतील, मग मिठी मारतील. तेही एक वेळ चालेल. भांडायला तरी बरोबरीचं असावं लागतं.

आणि आपण? आपण पाच जणांत एक पाटील शोधतो आणि बाकीच्या चौघांना गडी करतो. पाचांनी मिळून म्हणायचं वाक्य एकट्या लालला दिलं. लालचं नाव राजवीर, आवाज भारदस्त, भाषा पुस्तकातली. निळा त्याचा मित्र, म्हणून हुशार. काळा जाडा, म्हणून खादाड. हिरवा झाला अन्वर. तो गाड्या दुरुस्त करतो आणि दर भागात देशासाठी मरायची शपथ घेतो. बाकी कोणाला शपथ घ्यावी लागत नाही. त्यांची देशभक्ती जन्मतःच पास झालेली. आणि पिवळी झाली बोंबील मावशी.

संवाद लिहायचं काम नजीब करायचा. पनवेलचा कोकणी मुसलमान, खांदेश्वरला राहणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने पहिले भाग सरळ लिहिले होते. ते परत आले ते वरून खालपर्यंत बदलूनच.

"असं कसं बदलता येतं वो?" उज्वलाने तेव्हा त्याला विचारलं होतं. "ती बाय बोलते एक, आपन बोलतो भलताच."

"हेल्मेटला ओठ नसतात, उज्वलाताई," नजीब म्हणाला. "ओठ दिसले की थोडी तरी लाज बाळगावी लागते, मापात शब्द बसवावे लागतात. हेल्मेट असलं की कुणाच्याही तोंडात काहीही घाला. माझ्या अन्वरचं बघा की. मूळचा तो टीममध्ये कविता करणारा पोरगा आहे."

उज्वला तेव्हा हसली होती. मासळीचे विनोद तिने केलेही. का नाही करायचे? कोळीण काय विनोद करत नाही? धक्क्यावर तिची आई गिऱ्हाइकाची अशी बिनपाण्याने करते की गिऱ्हाईक मासे घेऊन वर हसत जातं. पण तो विनोद आईचा असतो. इथे तो हिच्यावर होता, आणि करायचा हिच्याच तोंडाने. दोन्हीत फरक आहे हे उज्वलाला कळत होतं. पण पात्र हातचं जाईल, म्हणून तिने ते गिळलं.

त्या दिवशी गिळता येईना.

सीन असा. समुद्राखालच्या बोगद्यात पाणी भरतंय. दार आतून कुणीतरी धरून ठेवलं तरच बाकीचे बाहेर पडू शकतात. पिवळी म्हणते, "मी थांबते." बस्स, एवढंच. कोणी वाद घालत नाही, कोणी रडत नाही. चौघं तिच्यासमोर ओळीत उभे राहतात आणि कमरेतून वाकतात. तीही वाकते. किती तरी वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग दार बंद होतं.

मूळ सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा उज्वलाने तो परत लावायला सांगितला होता. तिला जपानी येत नाही. पण ती शांतता तिच्या ओळखीची होती.

ती लहान असताना एकदा वारा फिरला आणि बापाची होडी आली नाही. बायका धक्क्यावर जमल्या. कोणी कुजबुजायला लागली की गंगूबाई वळून बघायची. "होरी दिसं नाय तवर कनी बोलाचा नाय." सगळ्या गप्प उभ्या राहिल्या. लहान पोरंसुद्धा. होडी आली. तिच्यात तिघे होते, बाप नव्हता. तेव्हाही कोणी बोललं नाही. आधी त्या तिघांनी गंगूबाईसमोर माना खाली घातल्या.

तर चॅनेलने या शांततेत काय भरलं? राजवीरचं भाषण भरलं. "मावशी, तुझं हे बलिदान हा महाराष्ट्र विसरणार नाही!" आणि त्यावर पिवळीने म्हणायचं, "रडतंस कशाला रं राजवीर? मेली तं मना वलनीवर वालत घाला, बोंबलासारी!" मग मोठ्याने हसायचं. मग दार बंद.

"रोलिंग," शिवतेज म्हणाला.

उज्वलाने "मी थांबते" म्हटलं आणि ती गप्प उभी राहिली. पडद्यावर चौघे वाकले. दार बंद झालं.

"मावशी, बोंबील राहिला."

"राहूं दे."

"काय झालं? पाणी पायजे का?"

"इथं पानी भरपूर हाय," उज्वला म्हणाली. "इथं ही बाय बोलत नाय. मी पन नाय बोलनार."

पुढच्या टेकलाही तेच झालं. तिसऱ्याला शिवतेजने मशीन बंद केलं आणि चॅनेलच्या मनस्वीला खाली बोलावलं. मनस्वी वयाने लहान, हुद्द्याने मोठी. ती रागावली नाही. समजावून सांगायला बसली, आणि ते जास्त वाईट.

"उज्वलाताई, जपानी लोक खूप गप्प असतात. आपल्या ऑडियन्सला सायलेन्स आला की वाटतं टीव्ही बिघडला. आपल्याकडे टीम म्हणजे फॅमिली. आणि मरताना पण हसणारी कोळीण, किती स्ट्राँग आहे ती, विचार करा ना!"

"मॅडम, तुमच्या घरात कोणी मेलं तं तुमी जोक करता काय?"

"हे पर्सनल होतंय."

"मंग कोलनीचा मरन कसा काय नाय पर्सनल?"

मागे खुर्चीत बसलेला नजीब म्हणाला, "मूळ सीन गप्पच आहे मॅडम. मी तसाच लिहिला होता."

"तुम्ही लिहिलेलं आम्ही वाचलं, नजीबभाई. म्हणूनच बदललं." मनस्वी उठली. "उद्यापर्यंत विचार करा ताई. पात्र तुमचंच आहे, आम्हाला ते काढून घ्यायचं नाहीये."

बापाचं तिने तिथे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही भाग काढला असता.

घरी चांगदेव जेवत होता. बंदरात ट्रेलर चालवणारा नवरा, चिडका, पण बायकोच्या पहिल्या पात्राचं कौतुक त्याने सगळ्या ड्रायव्हर लोकांत केलेलं.

"बोलून टाक ना," तो म्हणाला. "एक वाक्य तं हाय. तुजा बाप काय त्या टीव्हीत बुरालाय?"

चांगदेवने घास तसाच ताटात ठेवला. मग हळूच म्हणाला, "चुकलो. पन लोकांना सांगितलाय गं मी."

दुसऱ्या दिवशी उज्वला गेली. माइकसमोर उभी राहिली. "मी थांबते," म्हणाली, आणि थांबली. या वेळी कोणी तिला बोंबील राहिल्याचं सांगितलं नाही. शिवतेजने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "मावशी, वरून नंदिनीला बोलावलंय. ती रील्सवाली. व्हॉइस मॅच करून घेतील."

व्हॉइस मॅच म्हणजे जुन्या आवाजासारखा नवा आवाज काढून घ्यायचा, बघणाऱ्याला सांधा कळू द्यायचा नाही. नंदिनी डोंबिवलीची. आगरी-कोळी बोलण्याची नक्कल करून लाखो लोकांना हसवायची. तिने उज्वलाचे आधीचे भाग कान देऊन ऐकले आणि उज्वला बॅग उचलायच्या आत तिचा आवाज काढून दाखवला. हुबेहूब. पोरीने वर नमस्कारही केला. "मावशी, तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं."

चोर निदान पाया पडत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर नजीब उभा होता. त्याने न विचारता दोन चहा सांगितले.

"तुमी पन सोरनार का?" उज्वलाने विचारलं.

"नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लेकीचं, नूरीनचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. आज अन्वरची शपथ लिहायची आहे. या वेळी गुडघ्यावर बसून घ्यायचीय म्हणे."

दोघांनी चहा प्यायला. नकार दिला की माणसाला मोकळं वाटतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या आवाजाशिवाय रस्त्यावर उभं राहून बघावं.

भाग रविवारी दुपारी लागणार होता. उज्वला सकाळीच मोऱ्याला निघाली, पोचायला दुपार झाली. आईला आधी सांगावं असा तिचा विचार होता. पण घरात पाऊल ठेवलं तर शेजारपाजारचे आधीच येऊन बसलेले. गंगूबाईने सगळ्यांना बोलावलं होतं, नवं लुगडं नेसली होती. म्हातारीला आता कमी दिसायचं, ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाटावर बसली होती.

"आये, मना तुला कायतरी सांगाचाय."

"मंग सांग. आता सुरू होल."

सुरू झालं. बोगदा आला, पाणी आलं. उज्वला दाराच्या चौकटीत उभी राहिली. राजवीरने महाराष्ट्राला मध्ये आणलं. आणि मग उज्वलाचा आवाज, जो उज्वलाचा नव्हता, म्हणाला की मेली तर मला वलनीवर वाळत घाला.

घर हसलं. सुमित्राबाई, जिचा नवरा त्या दिवशी त्याच होडीतून परत आला होता, तीही हसली, आणि मग एकदम तिने पदर तोंडाला लावला. शेजारचा सनी ओरडला, "उज्वलाआत्या, लय भारी! परत बोल ना, बोंबलासारी!"

"बोल ना गं! मारून दाखव डायलॉग!" आणखी कोणीतरी.

गंगूबाई हसली नव्हती. तिने मान वळवली नाही. पाठमोरीच बसून विचारलं, "यो तुजा आवाज हाय?"

"नाय आये."

"तुजावानीच हाय."

"माजावानी काराय लावला. मी नाय बोलले."

"मंग तू काय बोललीस?"

"मी गप होती."

कोणाला काही कळलं नाही. सनी म्हणाला, "आत्या, कायतरीच! तूच हायस ना पिवली?" कोणी तिच्या बाजूने बोललं नाही. कशाला बोलतील? आवाज त्यांनी कानांनी ऐकला होता. उद्या धक्क्यावर, परवा बाजारात, उज्वलाला हेच वाक्य परत परत ऐकावं लागणार होतं. करंजाड्यात चांगदेवला ड्रायव्हर लोकांचे फोन आतापासून चालू झाले असतील.

मध्ये जाहिराती लागल्या होत्या, त्या संपल्या. मालिकेने तोच सीन पुन्हा सुरुवातीपासून दाखवायला घेतला, आपल्याकडे दाखवतात तसा, लोकांना मध्येच विसरायला होऊ नये म्हणून.

गंगूबाईने रिमोट चाचपडला. तिला एकच बटण माहीत होतं, आवाजाचं. ते तिने खाली दाबलं आणि दाबूनच धरलं. राजवीरचं भाषण बारीक झालं, मग गेलं. पोरं ओरडली, "आजे, आवाज!" म्हातारीने वळून बघितलं. नुसतं बघितलं. पोरं गप्प झाली.

पडद्यावर चौघे ओळीत आले. पिवळीसमोर कमरेतून वाकले. पिवळी वाकली.

गंगूबाईने डोक्यावरून पदर घेतला. पाटावर ताठ बसून ती दार बंद होईपर्यंत बघत राहिली, आणि तोवर त्या घरात कोणी बोललं नाही.