हवालदाराच्या मांडीतली सव्वीस वर्षं

मी एक जुना लोखंडी तुकडा आहे. चिंचोक्याएवढा, एका कडेनं धारदार, अंगानं काळपटलेला. सध्या माझा मुक्काम सोलापुरात, बुधवार पेठेतल्या एका घरात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी तोफगोळ्याचा तुकडा आहे, आणि तोही शत्रूच्या. माझी मूळ भाषा कुठली, कोण जाणे! मराठी मी हवालदार नवनाथ सर्वगोड यांच्या मांडीत राहून शिकलो, त्यामुळे बोलण्यात थोडं इकडचं वळण येणारच.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी वेगळा असा नव्हतोच, एका मोठ्या गोळ्याच्या जाड कवचाचा भाग होतो. कुणाला मारायचं, कशासाठी मारायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. माणसाचं शरीर मऊ असतं, एवढंच ऐकून होतो. मित्रांनो, ही साफ थाप आहे. ते मला १९९९च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरात कळलं.

गोळा फुटला आणि आमचे शेकडो तुकडे उडाले. मी घुसलो तो नवनाथरावांच्या उजव्या मांडीत. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि पाठीवर वीस लिटर पाण्याचा कॅन घेऊन चढत होते. वरच्या चौकीत सात जवान कालपासून तहानलेले होते. मला वाटलं, आता हा गडी खाली बसणार. अहो, बसतोय कुठला! मांडीचे स्नायू माझ्याभोवती असे आवळले की मला तसूभर सरकता येईना. मांडीच्या आत अंधार, दिसत काही नव्हतं, पण शिरल्यापासून मला हाडातून ऐकू येऊ लागलं. पहिला आवाज ऐकला तो त्यांचाच. स्वतःशीच म्हणत होते, "चल की रं, थोडंच ऱ्हायलंय."

ते थोडं म्हणजे सव्वा तास होता. दर पावलाला मी आतून कापत होतो, कारण कापणं हाच माझा धंदा. तरी पुढचं पाऊल पडायचंच. कॅन वर पोचला. सात जण पाणी प्यायले, आणि "नवनाथ, रक्त रे!" म्हणाले, तर यांनी "खरचटलंय" म्हणून विषय मिटवला. मी तर गारच पडलो! एवढं सामर्थ्य या मांसात येतं कुठून, हे मला आजवर कळलेलं नाही.

खाली उतरल्यावर दगडांच्या आडोशाला दवाखाना होता. तिथं जखमा बांधायला शरणबसव नावाचा जवान होता, अक्कलकोटकडचा. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून दोघांचं लई सख्य. त्यानं जखम बघितली आणि नोंदवही ओढली. नवनाथरावांनी त्याचा हात धरला.

"काय लिवतोस?"

"गोळ्याचा तुकडा लागला म्हणून. दुसरं काय लिवू?"

"तसं नगं लिवू. घरी तार जाईल."

जवान लढाईत जखमी झाला की घरी तार जायची, असा रिवाज होता. आणि घरी त्यांच्या बायकोला, वैजयंतीबाईंना, सातवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांच्या मृत्यूची तार आली, त्याच धक्क्यानं त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. पोस्टमनची सायकल दिसली तरी त्यांना घाम फुटायचा.

"खडकावरनं घसरून पडला, असं लिव," नवनाथराव म्हणाले. "गाववाला हायस की न्हाईस?"

शरणबसवनं आधी घट्ट पट्टी बांधली. मग लिहिलं, घसरून पडल्यानं दुखापत. तार गेली नाही. दोन महिन्यांनी सोलापुरात मुलगी जन्मली, तिचं नाव बुद्धप्रिया. ती रडली तेव्हा मी हजार मैलांवर होतो, पण बातमीचं पत्र वाचताना नवनाथरावांची मांडी थरथरली ती मला अजून आठवते.

मी खोल रुतलो होतो, म्हणून तिथंच राहिलो. ते हवालदार होऊन निवृत्त झाले आणि नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात दारावर उभे राहू लागले. दिवसभर उभं राहायचं म्हणजे माझ्यावर उभं राहायचं. थंडीत मी फार छळलं त्यांना. पाय ओढत चालायचे. कुणी विचारलं तर कागदावर होतं तेच सांगायचे, "घसरून पडलो हो." गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं, घसरगुंडी हवालदार! नवनाथराव पोरांबरोबर हसायचे. त्या वेळी मांडी कशी दगडासारखी व्हायची, ते मला एकट्याला ठाऊक. वैजयंतीबाई रोज रात्री तेल चोळायच्या आणि त्याही म्हणायच्या, "जरा बघून चालला असता तर!"

बुद्धप्रिया शिक्षिका झाली. गेल्या वर्षी सात रस्ता चौकाजवळ तिनं वडिलांच्या पायाचा एक्स-रे काढायला लावला. फोटो काढणारा म्हणाला, "काका, खिशातलं नाणं काढा की." खिशात काहीच नव्हतं. नाणं म्हणजे मीच! घरी येऊन तिनं फोटो उजेडात धरला.

"पप्पा, खडक लोखंडाचा होता का?"

तेव्हा नवनाथरावांनी अर्धं खरं सांगितलं. गोळा फुटला, तुकडा लागला, एवढंच. नोंद खोटी का, ते गिळलं. लढाईत शत्रूकडून जखमी झालेल्या जवानाला पराक्रम पदक मिळतं. बुद्धप्रियानं अर्ज केला, तो परत आला. कागदात पडल्याची नोंद आहे, असं उत्तर होतं. तिनं अपील केलं. नवनाथराव आधी नको म्हणत होते. मग एकदा म्हणाले, "पदकाचं न्हाय गं काय. पर मी गेल्यावर कागदात 'पडला' म्हणून ऱ्हाऊ नये, एवढं वाटतंय."

हा तुकडा कशाचा, हे तपासायचं ठरलं. म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि मी सव्वीस वर्षांनी उजेडात आलो. मित्रांनो, मी त्या माणसाला आतून पुरता ओळखत होतो, पण त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. केस पांढरे, गालफडं बसलेली, आणि डोळे अगदी शांत. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढासाच होता व्हय!" रागाचा एक शब्द नाही. मला लाज वाटली. लोखंडालाही वाटते.

तपासणीत मी तोफगोळ्याचाच निघालो. मग पुण्याला सुनावणी. टेबलावर माझी बाटली, पलीकडे तीन अधिकारी, मागच्या बाकावर वैजयंतीबाई आणि बुद्धप्रिया. मुख्य साहेबांनी मला उचलून बघितलं.

"हवालदार साहेब, हा तुकडा खरा. पण नोंद पडल्याची आहे. ती खोटी असेल तर खोटी का लिहिली?"

नवनाथराव सावधान उभे होते. "मीच लिवायला लावली, साहेब. घरी तार जाऊ नये म्हणून. बायकोला सातवा महिना होता. आदलं लेकरू तारेनंच गेलं होतं."

मागच्या बाकावर वैजयंतीबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुणी लिहिली? तो माणूस सांगेल तर अपील मंजूर होऊ शकतं."

"नाव सांगणार न्हाय, साहेब. त्यानं माझ्या शब्दाखातर लिवलं. आता त्याच्या पेन्शनीवर काय आलं तर? पदक नका देऊ, चालंल."

मी बाटलीत नुसता पडून होतो. साक्षीला आणलेला, पण तोंड नसलेला. साहेबांनी महिन्याची मुदत दिली, आणि महिन्यात काही आलं नाही तर फाईल कायमची बंद होणार होती.

घरी आल्यावर वैजयंतीबाईंनी थेट फोन लावला. दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येऊन यांच्या घरी जेवून जाणारा, जेवताना नवनाथरावांच्या पायाकडे बघायचं टाळणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शरणबसव हजर. चप्पल काढायच्या आधीच दारातून ओरडले, "अय्यो, हुच्चा हायस काय तू! येडा रे येडा! खोटं म्या लिवलं, आता खरं लिवायला काय हात मोडला माझा?"

"तुझी पेन्शन..."

"जाऊ दे की! तुझ्या पोरीच्या हातचा चहा पिताना दर साली त्यो खोटा कागदच आठवतोय मला." आणि त्यांनी तिथंच बसून सगळं लिहून दिलं, सहीसकट. लिहून झाल्यावर दोघं म्हातारे एकमेकांकडं बघून लहान पोरांसारखे रडले. शरणबसवना पुढं कुणी काही केलं नाही, हेही सांगून टाकतो.

आठ दिवसांपूर्वी पदक आलं. त्याबरोबरच्या पत्रात लिहिलं आहे, शत्रूच्या तोफमाऱ्यात जखमी. वैजयंतीबाईंनी ते वाक्य बुद्धप्रियाकडून तीनदा वाचून घेतलं. मग मला बाटलीतून तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता ही बाई मला गटारात फेकणार, आणि तिचा हक्कच आहे. त्यांनी फेकलं नाही. नवनाथरावांसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रोज तेल लावलं. पर कसं लागलं, ते नीट बसून कधी इचारलंच न्हाय मी. आता पहिल्यापासनं सांगा."

ते सांगत होते, त्या ऐकत होत्या. दोन वेळा केलेला चहा गार झाला.

मित्रांनो, माझ्यासारख्याला उपदेश शोभत नाही. मी दुखवायलाच जन्मलो. तरी एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी पाय ओढत चालत असेल, कुणी गप्प राहत असेल. त्यांना हसू नका, कागदावर काय लिहिलंय तेही आधी बघू नका. शेजारी बसा आणि विचारा, कसं लागलं? वैजयंतीबाईंना विचारायला सव्वीस वर्षं लागली, नवनाथरावांना सांगायला तेवढीच. तुम्ही आज संध्याकाळीच विचारा.