मंद झालेले दिवे

सकाळचा उजेड स्वयंपाकघरात नेहमी एकाच वाटेने येई. आधी तो खिडकीच्या गजांवर क्षणभर रेंगाळे, दार उघडायची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा; मग ओट्यावर उतरे, पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या बुडांवरून हलकेच घसरत पाण्याच्या पिंपाला वळसा घाली, आणि शेवटी टेबलाच्या कोपऱ्याशी, त्याच्या खुर्चीजवळ येऊन बसे. इतकी वर्षे तो त्या उजेडाकडे पाहत चहा पीत आला होता. कोणत्या पातेल्याला कुठे पोचा आला आहे, पिंपाच्या तोटीला लागलेला थेंब पडण्याआधी किती वेळ लोंबतो, भिंतीवरचा तेलकट डाग कोणत्या बाजूने पसरतो आहे, हे सारे त्याला या उजेडानेच शिकवले होते. हल्ली मात्र हा पाहुणा थकून आल्यासारखा येई. गजांवर थांबे तो थांबेच. भांडी चमकत नसत, नुसती असत. तोटीचा थेंब ऐकू येई, दिसत नसे. दुधात पाणी घालावे तसे कोणीतरी या उजेडात काहीतरी मिसळत होते, आणि तक्रार कोणाकडे करावी हे त्याला कळत नव्हते.

“आभाळ आलंय वाटतं,” तो म्हणाला.

बायको त्याचा डबा भरत होती. तिचा हात झाकणावर थांबल्याचे त्याला जाणवले.

“असेल,” ती म्हणाली. मग झाकण दाबता दाबता, “एकदा डोळे दाखवून या ना. दिवसभर दवाखान्यातच तर असता. काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? माल बघ हल्लीचा. नवी ट्यूब लावावी, तर चार दिवसांत मान टाकते. या दिव्याचंच बघ. एवढा मोठा आणून लावला, पण उजेड म्हणशील तर समईएवढा.”

संध्याकाळी शिवायला बसताना ती हल्ली त्या दिव्याकडे पाठ करून बसे. तिने चहाचा कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, कपाचा कान त्याच्याकडे करून. चष्म्याचे घर, किल्ल्यांचा जुडगा, डबा, सगळे काही महिन्यांपासून ठरल्या जागी, ठरल्या ओळीत असे. म्हातारपणी किती नीटनेटकी झाली ही, असे त्याला कौतुकाने वाटे.

“आज ती गाडी येणार ना तुमची?” तिने विचारले.

“येणार. आली एकदाची,” तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजात थोडी उभारी आली.

तो रुग्णालयात वायरमन होता. सगळे त्याला उजेडराव म्हणत. कधी काळी एका मेट्रनबाईंनी थट्टेत ठेवलेले नाव अंगाला चिकटले ते चिकटलेच. मीटर लावून दिवे तपासणे त्याला नवशिक्याचे लक्षण वाटे. तो कॉरिडॉरमध्ये खाली उभा राही, मान वर करून ट्यूबकडे एकदा पाही आणि म्हणे, “हिचे दिवस भरले.” ती ट्यूब त्याच आठवड्यात जाई. लोक या नजरेच्या गोष्टी सांगत. तोही त्या ऐकत नसल्याचे दाखवून ऐके.

काढलेल्या ट्यूबांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्याच्या आधी कोणाला पडला नव्हता. कचऱ्याची गाडी त्या घेत नसे. भंगारवाला घेई, पण त्याला हवी असत ती टोकांची टोपणे. काच तो मागच्या गटाराकाठी आपटून मोकळा होई. एकदा झाडूवाल्या मावशीने फुटक्या काचा हाताने गोळा केल्या. हात कापला तो कापलाच, वर ती पांढरी भुकटी नाकातोंडात गेली. त्या भुकटीत पारा असतो, हे कळल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षे तो उजेड देत होता आणि उजेडाची राख दुसऱ्यांच्या अंगणात टाकत होता. त्याने वरिष्ठांना विचारले. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारले. सध्या तशी सोय नाही, असे उत्तर आले. मग त्याने चादरींची एक जुनी, बंद खोली मागून घेतली, आणि गेलेली प्रत्येक ट्यूब नव्या ट्यूबच्या रिकाम्या खोक्यात घालून, मुदत संपलेल्या बँडेजच्या पट्टीने बांधून तिथे रचू लागला. आतल्या भिंतीपासून सुरुवात केली होती. आता रास दाराशी येऊन ठेपली होती.

“उजेडराव, तुम्ही ट्यूबा लावता की खाता?” स्टोअरकीपर हल्ली नव्या ट्यूबा देताना विचारी. “पूर्वी तुमच्या त्या खोलीत क्रिकेट खेळता आलं असतं. आता आत शिरायचं तर तिरकं व्हावं लागतं. मला तर श्वास सोडून.”

“तुझ्या पोटाचा दोष माझ्या ट्यूबांना कशाला?” तो म्हणे. “माल चांगला मागव. मग खाणार नाही.”

गाडी आली तेव्हा तो पोर्चमध्ये उभाच होता. दूरच्या शहरात असल्या दिव्यांची काच आणि पारा वेगळा करणारा एक छोटा कारखाना होता. तिथून आलेली बाई तिशीतली, हातात जाड मोजे, प्रवासाने चेहरा आंबलेला. तिने खोलीचे दार उघडले आणि दारातच उभी राहिली.

“काका, हे तुम्ही एकट्याने रचलंय?”

“मग काय! फुटलेली एक निघणार नाही.”

“मी पोत्यातून काचांचा भुगा उचलत फिरते हो गावोगाव,” ती म्हणाली. “अशी खोली कुठे बघितली नाही.”

त्याने मान खाली घातली. स्टोअरकीपरने मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. “घ्या! आमच्याच गावात राहून आम्हाला तुमची किंमत कळली नव्हती.”

बाईने व्हरांड्यातल्या प्लगला एक लाकडी पट्टी जोडली. दोन टोकांना दोन होल्डर.

“हे कशाला?” त्याने विचारले.

“एकेक लावून बघायची. चालू निघाली तर फोडायची नाही, असा आमच्याकडे नियम. शाळांना देऊन टाकतो.”

“चालू निघेल कशी? मी काढलेली आहे.”

ती हसली. नियम म्हणजे नियम, असे त्या हसण्यात होते. दाराजवळच्या राशीतले पहिले खोके तिने सोडले, ट्यूब पट्टीत बसवली, बटण दाबले.

“ही चालू आहे, काका.”

“एखादी गेली असेल चुकून.”

दुसरी लागली. तिसरीही लागली. “होल्डर सैल असेल तिथला,” तो म्हणाला. चौथीला त्याने स्वतः टोके पुसून दिली. तीही लागली. गठ्ठे सुटत गेले आणि चालू ट्यूबांची रांग व्हरांड्याच्या भिंतीला टेकून लांबत गेली.

“अरे वा, उजेडराव मेलेल्यांना उठवायला लागले!” स्टोअरकीपर म्हणाला. एक वॉर्डबॉय हसला. पण पुढची ट्यूब लागली, त्याच्या पुढचीही लागली, तसा स्टोअरकीपर थट्टा करायचा थांबला. थोड्या वेळाने तो बाईला म्हणाला, “कधीकधी व्होल्टेजच कमी असतं हो, ताई. माणसाचा काय दोष?”

त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. या माणसाला आपली बाजू घेताना उजेडरावाने कधी ऐकले नव्हते.

राशीचा तळ लागू लागला, तसे खोलीच्या आतले जुने गठ्ठे बाहेर आले. धुळीने माखलेले, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. त्यांतली एकही ट्यूब लागली नाही. दोन्ही टोके काजळी धरल्यासारखी काळी.

“या मात्र एकूण एक गेलेल्या,” बाई म्हणाली. “काय अचूक काढल्यात! मग या पुढच्या कोणी काढल्या? नवीन माणूस आहे का कुणी?”

स्टोअरकीपर आपल्या चपलांकडे पाहू लागला. क्षणभर उजेडरावाला वाटले, हो म्हणावे. कोणी एक नवीन माणूस, दोन-अडीच वर्षांपूर्वी आलेला, धांदरट, नजर कच्ची असलेला. त्याच्यावर सगळे ढकलून मोकळे व्हावे.

“मीच,” तो म्हणाला. “मंद झाल्या होत्या.”

“मंद?” बाईने पट्टीवर लागलेल्या ट्यूबकडे पाहिले आणि मोजा घातलेला हात डोळ्यांपुढे धरला. “अहो काका, मला बघवत नाही हिच्याकडे.”

वॉर्डबॉयने तोंड फिरवले. स्टोअरकीपरने डोळे बारीक केले. तो एकटा त्या ट्यूबकडे सरळ पाहत राहिला. ढगाआडच्या चंद्राचा असावा तसा एक पांढुरका पट्टा. डोळ्यांना जराही न खुपणारा.

त्याचे वडील शेवटची वर्षे उंबरठ्यावर बसून असत आणि पापणी न लववता सूर्याकडे पाहत. “आमचे बाबा सूर्याशी नजर भिडवतात,” असे तो लहानपणी पोरांना फुशारकीने सांगे. पोरे प्रयत्न करीत, डोळ्यांतून पाणी काढीत आणि हार मानीत. ती कसली नजर होती हे त्याला पुढे कधीतरी कळले. वडिलांच्या हातचे काम कधी सुटले, शेजारी त्यांच्याशी मोठमोठ्याने आणि गोड बोलायला कधी लागले, हे मात्र त्याला आता आठवेना.

“मालच तसा आहे,” तो म्हणाला. “गार असताना नीट लागते. तापली की बसते. चार तास ठेवून बघा.”

“असेल हो, काका,” बाई म्हणाली. “असतं तसं कधीकधी.”

तीही गोड बोलली.

गाडी भरली. बाईने जाताना त्याचा हात हातात घेतला, पुन्हा येऊ म्हणाली. खोली रिकामी झाली होती. त्याने सवयीने तिला कुलूप घातले. किल्लीला भोक सापडायला वेळ लागला, तोवर स्टोअरकीपर शेजारी नुसता उभा होता.

“उद्या बायकांच्या वॉर्डातला दिवा आहे ना,” अखेर तो म्हणाला, “तो राहू द्या. किंवा असं करा, मी शिडी धरतो. त्या वॉर्डबॉयला चढवू. तुम्ही खालून सांगा.”

“का? माझे पाय मोडलेत?”

“पाय नाही हो…” स्टोअरकीपर म्हणाला, आणि ते वाक्य त्याने तिथेच सोडून दिले.

तो रोजच्या रस्त्याने घरी आला. पायांना रस्ता पाठ होता. वाटेत कोणीतरी “काय उजेडराव!” म्हणून हाक मारली, त्याने आवाजाच्या दिशेने हात केला. मालच तसा, तो मनाशी घोळवत राहिला. दोष कारखान्यांचा. काच पातळ, आत भुकटी कमी. घर येईपर्यंत त्याने कारखान्यांविरुद्धचा सगळा खटला मनात पुरा करत आणला होता.

दिवेलागणीची वेळ. बायको स्वयंपाकघरात त्याच्या सदऱ्याचे बटण लावत बसली होती; कापडातून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याची बारीक खसखस ऐकू येत होती. तो खुर्चीवर बसला. खिडकीतला उजेड विझत चालला होता. पाण्याचा कप उजव्या हाताशी, कान त्याच्याकडे.

“गेली का गाडी?” तिने विचारले.

“गेली.”

“झाली का खोली रिकामी?”

“झाली.” तो पाणी प्यायला. “लोक खूश झाले. म्हणाले, अशी खोली बघितली नाही.” आणि मग, थकलेल्या आवाजात, “अशी अंधारात काय शिवत बसलीस? दिवा लाव ना.”

दोऱ्याची खसखस थांबली.

ती लगेच उठली नाही. मग सुई कापडात खोचल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, तिची पावले भिंतीकडे गेल्याचा. खटका वाजला. थोडा वेळ काहीच नाही. मग तोच खटका पुन्हा वाजला.

“लावला,” ती म्हणाली.

जन्मभर त्याने हे खटके बसवले होते. दिवा लावायला खटका एकदा दाबावा लागतो. दोनदा दाबावा लागतो तो आधी मालवून मग लावायला.

“हं,” तो म्हणाला. “आता बरं वाटतं.”

ती परत येऊन बसली. सुई कापडातून निघाली आणि दोऱ्याची खसखस पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा हळू. त्याने हात पुढे करून कप चाचपला. तो जागेवरच होता.

दिवा आधीपासून लागलेला होता. त्याला दिसत नव्हते.