चौकाच्या भिंतीतील विटेचे माप

या भिंतीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, विटेएवढा खळगा कुणी आणि कशासाठी कोरला असेल, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? बहुतेकांना पडत नाही. ते माझ्यात कॉफीचा रिकामा पेला ठेवतात आणि पुढे जातात. ज्यांना पडतो, ते उत्तरही स्वतःच ठरवतात. कुणी म्हणते, इथे संताची मूर्ती असेल. कुणी म्हणते, दिव्याचा कोनाडा. परवा एका गृहस्थाने पत्नीला ठामपणे सांगितले, की पूर्वी इथे कबुतरे अंडी घालत. तिनेही मान डोलावली.

मी रोक्काल्बा या डोंगरावरच्या गावाच्या चौकातील मापाचा दगड बोलतो आहे. मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो, आणि त्यापायी एक निर्दोष माणूस देशोधडीला लागणार होता. ते सांगितल्यावाचून माझी सुटका नाही.

मी याच डोंगराच्या पोटातला. वाळूचा दगड, राखी आणि खरखरीत. नगरसभेच्या भिंतीत मला बसवले, पाथरवटाने माझ्यात खळगा कोरला, आणि पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडून म्हटले, "आजपासून हा गावाचा साक्षीदार." नियम सोपा होता. इथे भाजलेली वीट माझ्यात चपखल बसली पाहिजे. अडेल ती मोठी, खुळखुळेल ती लहान; दोन्ही परत. दर शनिवारी बाजारात भट्टीवाला पहिल्या गाडीतील वीट घेऊन माझ्यासमोर उभा राही. चाळीस वर्षे मी कुणाची भीड धरली नाही.

माणसांविषयी एक कुतूहल मला कायम वाटत आले. ती एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, दगडावर ठेवतात.

माझ्या खालच्या पायरीवर लापा नावाची विधवा घेवडा आणि द्राक्षांचा आंबट शिरका विकत बसे. तिचा नवरा सुतार. विटांच्या साच्यासाठी त्याने माझ्यावरून बेतून एक लाकडी ठोकळा केला होता. पुढे तो आतून पोखरून त्याची पेटी केली. लापा तीत पाव आणि चीज आणी, आणि कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून पेटी माझ्यात सारून ठेवी. पेटी जागच्या जागी बसे. विटा तपासायची वेळ झाली की माणसे म्हणत, "काकी, उचला तुमचं जेवण, न्याय करायचाय."

डोंगरावर पाणी नव्हते. बायका दरीतल्या झऱ्यावरून घागरी वाहून आणत. अखेर नगरसभेने ठरवले, की चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके बांधायचे. बांधकाम वान्नी मेस्त्रीकडे आले आणि विटांचा मक्ता उगुच्चोकडे. उगुच्चो गावातला एकुलता एक भट्टीवाला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, वेदीपुढच्या दिव्याला वर्षभर तेल पुरवणारा.

संताच्या मिरवणुकीचा दिवस होता. भर दुपारी सारे गाव मूर्तीमागून खालच्या चर्चकडे गेले. चौक ओस पडला. तेव्हा उगुच्चो एक वाडगे घेऊन आला. त्यात दगडाच्या भुकटीत कालवलेला चुना होता. चर्चची घंटा वाजत होती. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्या आतल्या कडांना तो चुना लिंपला. चहूबाजूंनी अर्धे अर्धे बोट. वर धूळ आणि काजळी चोळली. देवाने मला सारे दाखवले. ओरडायला तोंड दिले नव्हते.

त्याच आठवड्यात भट्टीवर साचे बदलले. पुढच्या शनिवारी आलेली वीट लहान होती आणि माझ्यात चपखल बसली.

वान्नीने एक वीट हातावर तोलली. "उगुच्चो, ही हलकी लागते रे."

"यंदाची मातीच कोरडी. माझं ऐकू नकोस, दगडाला विचार की!"

वान्नीने ती माझ्यात बसवून पाहिली. मग हसून म्हणाला, "म्हणजे हातच म्हातारा झाला माझा."

तीस वर्षे विटा रचणारा तो हात खरे सांगत होता. वान्नीने माझे ऐकले.

आणखी एकीला खूण मिळाली होती. लापाची पेटी माझ्यात जाईना. तिने पेटीला दोन चापट्या मारल्या. "दमट हवेनं फुगली मेली!" ती पेटी मांडीवर घेऊन जेवली. सबंध उन्हाळा ती तशीच जेवत राहिली.

शरदात पाऊस आला. टाके काठोकाठ भरले, आणि तिसऱ्या दिवशी त्याची खालच्या अंगाची, लहान विटांनी पातळ झालेली भिंत फुटली. पाणी पाववाल्यांच्या गल्लीत घुसले, भट्ट्या विझल्या, पिठाची पोती वाहत वेशीपर्यंत गेली. देवाच्या कृपेने माणूस दगावला नाही. पण वर्षभराचे पाणी गेले, आणि गावाला दोषी हवा होता.

आमच्याकडे न्यायाधीश परगावाहून एका वर्षासाठी आणत. गावात त्याचा मेहुणा नसावा म्हणून. त्याने चौकातच न्याय मांडला. फुटक्या भिंतीतली वीट त्याने स्वतःच्या हाताने माझ्यात बसवली. ती बसली. तो म्हणाला, "माल पुरता आहे. हात उणा पडला. वान्नी, उद्या सकाळी बायकामुलांना घेऊन वेशीबाहेर पडायचं. परत यायचं नाही."

वान्नीची बायको तेसा हिने मुलांना जवळ ओढले. वान्नीने आपल्याच हातांकडे पाहिले. माझ्यावर संशय घ्यायचे त्याच्या मनातही आले नसावे. त्याचे ते पाहणे मी अजून विसरलो नाही.

"थांबा हो जरा," लापा पायरीवरून उठली. "ती वीट यात जाते, मग माझी पेटी का जात नाही? याच दगडावरून बेतलीय ती. उन्हाळाभर उन्हात वाळवली, तरी जात नाही!"

उगुच्चो मोठ्याने हसला. "वा! मेस्त्रीचा न्याय आता काकींच्या डब्यानं करायचा! उद्या यांची कोंबडी बसवा खुर्चीवर."

"बसवा की," लापा म्हणाली. "कोंबडी अंडं तरी पुरतं घालते."

चौक हसला. न्यायाधीश हसला नाही. "बाई, दगड वाढत नसतो."

"नसतो ना? मग हे पाहा." तिने शिरक्याची बाटली उचलली आणि माझ्या कडेवर धार धरली. माझ्या कडेला बारीक फेस आला. "वीस वर्षं इथे शिरका सांडतेय मी. हा दगड कधी फसफसला नाही. फसफसतो तो चुना. भांड्याच्या बुडाशी साचतो तो. घरी विचारा बायकांना."

न्यायाधीशाने वान्नीला छिन्नी दिली. दुसऱ्या ठोक्याला चुन्याची एक अख्खी पट्टी सुटून खाली पडली. मग दुसरी, तिसरी. लापाने पेटी सारली, ती बसली. मग फुटक्या भिंतीतली वीट सारली. ती खुळखुळली. तो खुळखुळाट मला घंटेपेक्षा गोड वाटला.

उगुच्चोचा चेहरा उतरला, जीभ नाही. "कुण्या पाप्यानं केलं असेल हे! मला बिचाऱ्याला काय ठाऊक? मीही या दगडावरच भरवसा ठेवला."

न्यायाधीशाने वर कड्याकडे पाहिले. मग त्याने विचारले, "कड्यावरचं ते तीन मजली नवं घर कुणाचं?"

"माझं."

"कधी बांधलं?"

"याच उन्हाळ्यात."

"विटा कुठल्या?"

न्यायाधीशाने शिपायांना खूण केली. दोन शिपाई गेले आणि त्या घराच्या भिंतीतली एक वीट काढून घेऊन आले. तिच्यावर त्याच्याच भट्टीचा शिक्का होता. न्यायाधीशाने ती माझ्यात बसवली. आता मोकळ्या झालेल्या माझ्या जुन्या, खऱ्या मापात ती चपखल बसली. ‘मला काय ठाऊक’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या घराला पुरत्या विटा वापरल्या होत्या.

मग लापा हळूच म्हणाली, "घरचं ते पुरतं, आणि गावाचं ते बोटभर कमी."

वाचकहो, मी दगड आहे. उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच मागतो, की साक्षीदारावर विश्वास ठेवा, पण तुमचा हात काही सांगत असेल तर त्याचेही ऐका. आता शिक्षा काय झाली ते सांगतो आणि थांबतो.

वान्नीची शिक्षा रद्द झाली आणि टाके पुन्हा त्याच्याच हाती सोपवले. त्याला लागणाऱ्या विटा उगुच्चोच्या घराच्या. ते घर उगुच्चोने स्वतः उतरवायचे होते, मजला मजला, छपरापासून पायापर्यंत. प्रत्येक विटेचा चुना त्याने खरवडायचा, ती डोक्यावरून चौकात आणायची, सर्वांदेखत माझ्यात बसवून दाखवायची आणि वान्नीच्या हाती द्यायची. हिवाळा गेला, ईस्टर आला. त्याच्या बोटांची नखे उरली नव्हती. शेवटची वीट त्याच्या चुलीतली होती, काजळीने काळी. ती बसली. वान्नीने ती घेतली, आणि ज्या शिक्षेसाठी वान्नीचे नाव पुकारले होते, तीच उगुच्चोला भोगावी लागली. त्याच सकाळी त्याला वेशीबाहेर काढले, आणि रोक्काल्बाचे दार त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडले नाही.