हुद्दा : पत्नी

वेंडल स्टिगलवर मी पहिल्यांदा ओरडले ती कोर्टहाऊसच्या पार्किंगमध्ये. तो कंबर धरून, भिंतीला हात लावत येत होता आणि त्याची काठी दिसत नव्हती.

"काठी कुठंय तुझी?"

"ट्रकमध्ये, मिस व्हीटा."

"आणि मागच्या महिन्यात डॉक्टरकडे तपासणीला गेलास, तेव्हा?"

"तेव्हाही ट्रकमध्येच होती."

मी कपाळाला हात लावला. काउंटीतल्या माजी सैनिकांचे कागद सरकारदरबारी लावून धरायचे, हे माझं काम. कोर्टहाऊसच्या तळघरातल्या एका खोलीत बावीस वर्षं बसतेय मी. त्याआधी स्वतः लष्करात कारकून होते. त्यामुळे फॉर्म आणि फौजी, दोघांचेही नखरे मला पाठ आहेत. अपंगत्वाची तपासणी म्हटली, की आमचे हे वीर परेडला निघाल्यासारखे तयार होतात. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. डॉक्टर विचारतो, "कसं काय?" हे म्हणतात, "उत्तम! तक्रार नाही." डॉक्टर बिचारा तेच लिहितो. माझ्या टेबलावर मी पाटीच लावली आहे: 'ठीक आहे' म्हणायला बंदी.

खाली खोलीत आल्यावर वेंडलनं पाटी वाचली, हसला आणि खुर्चीत बसताना ओठ चावला. एकोणसाठ वर्षांचा माणूस. इराकमध्ये आमच्या राज्याच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव दलाच्या, तुकडीत सार्जंट होता. गाडीखाली स्फोट झाला, त्यात कंबर गेली आणि डोक्यात जे काही हललं ते पुन्हा जागेवर बसलं नाही. त्याला अपंगत्वाचे टक्के मिळालेले होते, डोक्याचे सत्तर आणि कंबरेचे तीस. तुमच्याआमच्या हिशेबानं शंभर झाले. सरकारच्या बेरजेत त्याचे ऐंशी होतात. का ते विचारू नका. बावीस वर्षं समजावतेय, अजून एकाचाही चेहरा उजळलेला नाही.

ऐंशी आणि शंभर यांत त्याचं घर अडकलं होतं. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व ठरलं, की वॉशिंग्टनकडून महिन्याचा पूर्ण भत्ता मिळतो, बायकोच्या दवापाण्याची सोय होते, आणि आमचं ओक्लाहोमा राज्य घरावरचा कर माफ करतं. नवऱ्यामागं ती माफी बायकोला चालू राहते. वेंडलची बायको रोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. त्याला एकटं सोडवेना म्हणून तिनं वसंतात नोकरी सोडली. आता त्यांना घर झेपत नव्हतं. लढाईवर जायच्या आधी वेंडलनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर ते. ते विकून आर्कान्सामध्ये तिच्या बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला जायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

आणि तपासणीचा अहवाल माझ्यासमोर पडला होता: 'नीटनेटका, हसतमुख, आधाराशिवाय चालतो. तक्रार नाही.'

"हे बूट तू घातलेस?" मी विचारलं.

"रोंडानं."

"डॉक्टरनं विचारलं होतं?"

"बूट घालता येतात का, असं विचारलं. मी हो म्हणालो. पायात होतेच की!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "वेंडल, तुझ्या हाताखालच्या कुणी असा खोटा अहवाल दिला असता, तर सार्जंट म्हणून तू त्याची काय गत केली असतीस?"

तो हळूच म्हणाला, "मिस व्हीटा, त्या गाडीत आम्ही चौघं होतो. मी एकटा परत आलो. मी कुठल्या तोंडानं रडगाणं गाऊ?"

खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी कपाटात उगाचच फाईल शोधत राहिले.

नव्या पुराव्यासह अर्ज करायला तीन आठवडे उरले होते. मी रोंडाला म्हटलं, तू जबाब लिही. घरात रोज काय काय होतं ते सगळं. तिनं चार ओळी आणून दिल्या: 'वेंडल चांगला माणूस आहे. कष्टाळू आहे. हल्ली थोडा थकतो. देवाची कृपा आहे.'

"रोंडा, हा जबाब आहे की चर्चमधलं कौतुक?"

"तो समोर बसला होता हो टेबलाशी," ती म्हणाली. "त्याच्यासमोर कसं लिहू?"

दोघंही एकाच माळेचे मणी! मी दोन दिवस चडफडले. तिसऱ्या दिवशी वेंडलला बोलावलं आणि विचारलं, "लष्करात तू पोरांसाठी पदकाच्या शिफारशी लिहायचास ना?"

तो एकदम ताठ बसला. "अकरा लिहिल्या. एकही परत आली नाही."

"कशी लिहायचास?"

"काय केलं, किती वेळा केलं, कुठल्या परिस्थितीत केलं. विशेषणं नाहीत. विशेषणं लिहिली की कर्नल फाडून टाकायचा."

मी त्याच्यापुढं कोरे कागद ठेवले. "रोंडाची लिही."

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मूर्ख नव्हता. "हे डॉक्टरकडे जाणार?"

"जाणार. तुझ्यापासून लपवून काही करणार नाही मी."

त्यानं टोपीची कड चाचपली. "पण ही तिची शिफारस," तो म्हणाला. "माझी तक्रार नव्हे."

"तिचीच."

चार दिवसांनी त्यानं बंद पाकीट आणून दिलं. रोंडाला दाखवलं नव्हतं. सहा पानं होती, ठळक, सरळ अक्षरात. नाव : रोंडा स्टिगल. हुद्दा : पत्नी. सेवेचा काळ : ऑगस्ट २००५ (मी जखमी होऊन परतलो) ते आजतागायत. पुढं एकेक कलम होतं. रोज सकाळी बूट घालते, कारण मी वाकू शकत नाही. टबमधून बाहेर काढते, आठवड्यातून चार वेळा. माझ्या गोळ्या मोजून देते, कारण जूनमध्ये मी त्या दोनदा घेतल्या. मी गॅस चालू ठेवला, तीन वेळा, तिन्ही वेळा तिनं बंद केला. दुकानात मी घाबरलो की सामान तिथंच टाकून मला बाहेर आणते आणि काही बोलत नाही.

विशेषण एकही नव्हतं.

नव्या तपासणीला मी स्वतः त्याला घेऊन गेले, काठीसकट. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ती पानं समोर ठेवून एकेक ओळ विचारायला सुरुवात केली. वेंडलच्या जिभेवर 'ठीक आहे' आलेलं मला दिसत होतं. पण मग रोंडाची शिफारस खोटी ठरली असती.

"हे खरं आहे, मिस्टर स्टिगल?"

"खाली माझी सही आहे, मॅडम," तो म्हणाला. प्रत्येक ओळीला तेच म्हणाला. शेवटी घाम पुसत होता.

पानगळ सुरू होऊन पेकनची झाडं झडायला लागली तेव्हा पत्र आलं. शंभर टक्के, कायमचं. दोघं माझ्याकडे आले. रोंडानं फडक्यात बांधून मक्याचा कॉर्नब्रेड आणला होता. ती हसत होती, रडत होती, आणि शेवटी तिनं विचारलं, "पण मिस्टर तक्रार-नाही यांनी असं सांगितलं तरी काय?"

मी वेंडलकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. मी प्रत तिच्या हातात दिली.

ती उभ्यानं वाचत होती. तिसऱ्या पानावर हसली, गॅसचं कलम असावं. सहाव्या पानावर थांबली आणि खाली बसली. त्या पानावर काय होतं ते मला माहीत होतं. 'मी झोपेत एकदा तिचा गळा धरला. तेव्हापासून ती माझ्या दाराबाहेर जमिनीवर अंथरूण घालून झोपते आणि मी उठायच्या आत ते गुंडाळून ठेवते. मला माहीत नाही असं तिला वाटतं.'

"तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर तुला 'मला सोडून जा' म्हणावं लागलं असतं," वेंडल म्हणाला. "ते माझ्यानं होईना."

रोंडानं पानं नीट जुळवली आणि छातीशी धरली. मी कॉर्नब्रेडचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

मग वेंडलला उठायचं होतं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, दात आवळून तो नेहमीसारखा एकटाच उठायला लागला, आणि अर्ध्यावर थांबला. दार उघडंच होतं. बाहेर कर भरायला आलेल्यांची रांग होती, त्यातले निम्मे त्याला शाळेपासून ओळखत होते.

"रोंडा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जरा हात दे गं मला."