डोळे मिटून ऐकताना

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझ्या रबरी नळीला भेगा पडल्या आहेत, चकतीची चमक गेली आहे. त्याचं दुःख नाही. मला भीती वाटते, ती वेगळ्याच गोष्टीची.

कारखान्यातून निघालो तो थेट डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडलो. छातीवर मला टेकवलं की त्या पंखा बंद करायला लावायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. त्यांच्या सरांनीच तसं शिकवलं होतं. बाईंच्या कानातून काही सुटत नाही, असं लोक म्हणाले की रबराचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. जिना चढताना त्यांना धाप लागायची. बाईंनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "आज काही आढळत नाही. पण पुन्हा दाखवायला या." मुलगी काळजीत होती. तिने काहीच विचारलं नाही. घरी जाऊन मात्र दवाखान्याच्या नावाखाली फोनवर लिहिलं.

कंपाउंडरने ते बाईंना वाचून दाखवलं. "'तपासताना डॉक्टर चक्क झोपतात. एक स्टार.' आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीय."

"मी झोपते?"

"नाही हो बाई. पण दिसतं तसं."

मुलीने खोटं लिहिलं नव्हतं. दिसलं ते लिहिलं होतं. पण दवाखान्यातली बाकं रिकामी राहू लागली आणि बाई घाबरल्या. डोळे सताड उघडे ठेवून, हसत, बोलत तपासू लागल्या. छातीतले आवाज माझ्या नळीतून वर जायचे आणि त्यांच्याच गप्पांत बुडायचे.

काही महिन्यांनी मुलगी आणि वडील पुन्हा आले.

"आज जाग्या आहात वाटतं, बाई," वडील मिश्कीलपणे म्हणाले.

"बाबा, गप्प बसा ना," मुलगी कुजबुजली. तिचा चेहरा उतरला. ते लिहिणारी हीच, हे बाईंना उमगलं. त्या आणखीच हसल्या, आणखीच बोलल्या. तेवढ्यात ठोक्यांच्या मधून मला एक बारीक फुसफुस ऐकू आली, नीट न लागलेल्या दारातून वारा यावा तशी. मी गारठलो. मला तोंड कुठे आहे?

"वयाचा थकवा आहे, काका. आराम करा."

काका पुन्हा आले नाहीत. मुलगी एकटीच आली, हातात फोन घेऊन.

"बाबा गेले. हृदयाची झडप खराब झाली होती म्हणे." तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "मी लिहायला नाही आले. तेव्हा विचारायला हवं होतं, ते आता विचारते. तुम्ही ऐकण्यासाठीच डोळे मिटायचात ना? त्या दिवशी मिटले असते, तर तुम्हाला ऐकू आलं असतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं.

"बहुतेक आलं असतं," बाई म्हणाल्या.

मुलगी फोन उचलून निघून गेली. ती काय लिहील, ठाऊक नाही.

मित्रांनो, लिहू नका असं मी म्हणणार नाही. कुणीच लिहिलं नाही, तर चुका झाकलेल्याच राहतील. पण दिसलं त्याचा अर्थ लावण्याआधी समोरच्याला एकदा तोंडाने विचारा. घाबरलेल्या माणसाला माझ्यातून काही ऐकू येत नाही.

आत्ता एक आजी तपासायला आल्या आहेत. बाईंनी मला कानांना लावलं आहे, आजींच्या छातीवर टेकवलं आहे. पंखा फिरतो आहे आणि बाईंचे डोळे अजून उघडेच आहेत.