डोहात कोणी नाही

मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो असं म्हणालो, तर तेच दुसरं खोटं ठरेल. पण भर दुपारी, चारचौघांत, पंचशील घेतल्याला सव्वा महिनाही झाला नव्हता तेव्हा बोललेलं खोटं एकच. ते एका बाईसाठी होतं, आणि त्याची लाज मला वाटते तशी वाटतही नाही.

आमचं गाव आंजीहून कोसभर, धाम नदीच्या वळणावर. वळणात डोह आहे. उन्हाळ्यात नदीची सगळी वाळू होते, डोह तेवढा हिरवागार राहतो. गावची विहीर तेव्हा आम्हाला नव्हती, म्हणून आमच्या मोहल्ल्यातला एकूणएक माठ डोहाच्या पाण्यानं भरायचा. त्या पाण्यात साती आसरा राहतात असं माझी माय सांगायची. सात बहिणी, पाण्यातल्या; तरण्याताठ्या पोरांना भुरळ घालून आत ओढतात म्हणे. त्यांच्या धाकानं तिनं घरामागच्या लिंबाखाली सात दगड शेंदूर फासून मांडले होते. मी हसायचो. तरणाताठा पोर मीच होतो आणि मला कोणी ओढलं नव्हतं.

पंचावन्न सालच्या सुगीत मी महादेवराव पाटलांच्या ज्वारीवर पाखरं हाकायला होतो. डोहाच्या कडेला त्यांचं शेत, शेतात चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, माळ्यावर मी आणि माझी गोफण. सकाळी नदीवरून धुकं यायचं ते इतकं दाट, की नुसती कणसं वर दिसायची आणि खाली जग आहे की नाही ते कळायचं नाही. अशाच एका सकाळी गोफणीचा दगड पोपटांना चुकून डोहात गेला. जरा वेळानं तो परत आला आणि माझ्या पायाशी पडला. ओला होता.

मी दुसरा मारला, तोही परत आला. तिसरा मुद्दामच डोहावर धरून मारला, तेव्हा धुक्यातून बाईमाणसाचं हसणं ऐकू आलं.

"नेम काऊन चुकते रे तुहा? पोपटं तिकडं हायेत ना."

मी खाली उतरून काठावर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या लुगड्याचा रंग मला कधीच सांगता आला नाही. त्या घटकेला पाणी ज्या रंगाचं असेल, त्या रंगाचं. केस ओले, आणि वर्षभरात एकदाही ते वाळलेले मी पाहिले नाहीत. भीती वाटली का म्हणाल तर वाटली. पण पळावंसं वाटलं नाही, आणि त्या दोन गोष्टींमध्ये जी जागा असते तिथेच मी पुढचं वर्षभर बसून राहिलो.

रोज जायचो. सुगी संपली तरी काही ना काही निमित्त काढून जायचो. ती गुडघाभर पाण्यात, मी वाळूवर. बोलायला काय लागतं? पाखरांचं, पाण्याचं, माझ्या घरचं. घरचं तर तिला माझ्याआधी ठाऊक असायचं. तिचं पाणी जिथं जिथं जाईल तिथलं तिला ऐकू यायचं, आणि आमच्या घरी तर माठभर होतं. माय रागावली की दुसऱ्या दिवशी ती मायचीच नक्कल करून मला रागवायची. दुपारचं ऊन पाण्यावरून तिच्या तोंडावर हलायचं आणि मी बोलता बोलता काय बोलत होतो तेच विसरायचो. मला ती आवडत होती. साधी गोष्ट आहे, पण स्वतःशी कबूल करायला मला अख्खा पावसाळा लागला.

एकदा मी म्हणालो, "बाहेर ये ना. वाळूवर बस माह्याजवळ."

"येता येते. पण एकदा पुरी बाहेर आली, का डोह मंग मले वापस घेत नाई."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिनंही माझ्याकडं एकच गोष्ट मागितली.

"माहं कोणाले सांगू नको. सांगशीन तं लोक एक तं नारळं घेऊन येतीन, नाई तं काठ्या घेऊन. मले दोनीचं सारखंच भेव वाटते."

"नाई सांगत. मायची आन."

"आन कायले घेतं? नुसतं नको सांगू."

मग छप्पन सालचा दसरा आला आणि आम्ही सगळे नागपूरला गेलो. त्या दिवसाबद्दल मी कितीही सांगितलं तरी थोडंच पडेल. बाबा, म्हणजे माझा बाप कवडू, आयुष्यभर पाटलाच्या वाड्यासमोरून चपला हातात घेऊन गेलेला माणूस; त्या गर्दीत पांढरंशुभ्र धोतर नेसून ताठ उभा होता, आणि त्याची मान मी पहिल्यांदा एवढी लांब पाहिली. जुने देव मानणार नाही, भूतखेत मानणार नाही, खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. मनापासून म्हणालो. म्हणताना डोहातली आठवली, हेही खरंच.

परत आल्यावर घरोघरचे देव टोपल्यांत भरले. टाक, मूर्ती, शेंदराचे दगड, सगळं. नानाजी पुढं होते. ते मोहल्ल्यातले शिकलेले, वंदना तेच सांगायचे. नदीत टाकायचं ठरलं, आणि नदीत खोल पाणी एकाच ठिकाणी.

आता माझी अक्कल पाहा. वर्षभर जिच्याशी बोललो, जी मला दगड परत फेकून मारायची, ती मायच्या सात दगडांपैकी एका दगडात असेल असं त्या घडीला माझ्या डोक्यात घुसलं. दगड बुडाला म्हणजे ती गेली! देव टाकलेला माणूसच असा घोळ घालू शकतो. हात रिकामे झाले तरी डोकं जुन्या रस्त्यानं चालतं. बाबाचं लक्ष नाही असं पाहून मी टोपल्यातला सगळ्यात लहान दगड उचलला आणि सदऱ्यात लपवला.

दुसऱ्या दिवशी तिला तो अभिमानानं दाखवला.

"पाह्य, तुले वाचवलं."

तिनं दगडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचा चेहरा उतरला तसा कोणाचाच उतरलेला मी पाहिला नाही.

"काल माह्या डोक्यावर सात टोपले दगड पडले," ती म्हणाली. "ते मी हासून सोडले. लोकाइले काय मालूम? पण तू? वरीसभर संग बसून राह्यला, अन् मी तुले हे दगड वाटली? मी देव नाई रे बाप्पा. देव असती तं तुह्याशी पोपटाच्या गोष्टी करत बसली असती का?"

"मले वाटलं..."

"टाकून दे तो."

"टाकतो."

ती पाण्यात गेली ती पुढं वर आलीच नाही. मी दगड टाकला नाही. त्या सुगीतही पाखरांवर मीच होतो; माळ्याच्या छपरात, गवतात खोचून ठेवला. ती स्वतःच सांगत होती की दगडात ती नाही. पण मला वाटायचं, तिला तरी काय ठाऊक? भरवसा नव्हता माझा, दुसरं काय. शिवाय ती रुसलेली असताना माझ्याकडं तेवढंच काहीतरी होतं, मग ते चुकीचं का असेना.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात दिवाळी झाली नाही. गाव मजा पाहत होतं. हे चार दिवस टिकतात की आठ, यावर पाटलाच्या ओसरीवर रोज हशा व्हायचा. ज्वारी कापली आणि कापणी संपल्यावर आम्ही माळा मोडायला घेतला. नानाजींनी छपराचा पेंढा ओढला आणि शेंदराचा दगड त्यांच्या पायावर पडला.

पाटलाचा सालदार तिथंच होता. तो हसला. "घ्या, आले का देव वापस?"

नानाजींना लागलं पायाला, पण तोंड पडलं ते त्या हसण्यानं. माळ्यावर मी एकटाच बसायचो. विचारायचं कोणाला हा प्रश्न नव्हताच.

दुपारीच सगळे निळ्या झेंड्याखाली जमले. बाबा एका बाजूला उभा होता, तेच पांढरं धोतर, आणि मान मात्र पहिल्यासारखी झाली होती. ते मला सहन होईना. शेजारची मीराबाई डोहावरून घागर भरून आली ती कमरेवर घागर तशीच धरून थांबली.

"म्या पाह्यला याले," ती म्हणाली. "डोहाच्या काठावर एकटाच बोलून राह्यलता. दोनदा पाह्यला. म्हटलं, जाऊ दे, पोराचं वय हाय."

"श्रावण," नानाजी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. "दगड लपवला, चूक झाली, ते आपण पोटात घालू. पण मले हे सांग, तू तिथं कोणाशी बोलते? डोहात कोणी हाय, का नाई?"

मी बाबाकडं पाहिलं. 'आहे' म्हणालो, तर त्याची मान पुन्हा कधीच वर येणार नव्हती, आणि उद्या गाव डोहावर जमणार होतं. अर्धं नारळं घेऊन, अर्धं काठ्या. गप्प बसलो तर ते 'आहे'च झालं असतं. 'नाही' म्हणालो, तर ज्या तोंडानं खोटं बोलणार नाही म्हणालो त्याच तोंडानं खोटं बोललो, आणि ज्या बाईवर माझा जीव होता ती नाहीच असं जगाला सांगितलं. मीराबाईच्या घागरीतलं पाणी डुचमळत होतं. त्या पाण्यातून डोहातली ऐकत होती हे मला ठाऊक होतं.

"डोहात कोणी नाई," मी म्हणालो.

"पक्कं?"

"कोणी नाई, नानाजी."

बाबानं श्वास सोडला. नानाजींनी दगड उचलून माझ्या हातात दिला. "जा, आपल्या हातानं टाकून ये. मांगं कोणी येणार नाई. तुह्यावर भरवसा हाय आमचा."

शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी एवढं लागलं नसतं.

डोहावर आलो तेव्हा ऊन कलतं होतं. कापलेलं शेत उघडंबोडकं दिसत होतं आणि पाण्यावर वाऱ्याची एक रेघही नव्हती. मी दगड टाकला. वर्तुळं काठापर्यंत आली आणि विरली. मी वाट पाहिली. हाक मारावी तर नाव नव्हतं; नाव तिनं कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलो, तिच्या जागी उभा राहिलो, वाकून पाहिलं. तळाशी दगड दिसत होते, मोहल्ल्यातले सगळे देव एकमेकांवर पडलेले. बाकी काही नाही. माझ्याच शब्दांनी तिला पुसून टाकलं असं वाटलं आणि मी तिथंच, पाण्यात उभ्या उभ्या रडलो. लहान पोरासारखा आवाज काढून रडलो, सांगायला लाज कसली.

"कोणासाठी रडून राह्यला? डोहात तं कोणी नाई म्हणे."

आवाज मागून आला, काठावरून. ती वाळूवर बसली होती. पूर्ण बाहेर, पाण्यापासून चांगली दहा हात लांब. केस वाळून तोंडावर उडत होते आणि ते कसे मागं सारायचे ते तिला कळत नव्हतं. लुगडं साधं मातीच्या रंगाचं झालं होतं. एका पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि त्यातून रक्त येत होतं, माझ्या रक्तासारखंच लाल.

मी धावत तिच्यापाशी गेलो. "हे काय केलं तू? बाहेर काऊन आली? आता तुले वापस..."

"नाई घेत. पाह्यलं जाऊन. पाणी पायालेच लागत नाई, सरकते."

"मंग काऊन?"

"मघा तू सगळ्याइच्या समोर म्हणाला ना." ती काटा काढायची धडपड करत होती, माझ्याकडं न पाहता. "तुह्या बापाची मान वर झाली. नानाजीनं भरवसा ठेवला. तू माह्यासाठी खोटा पडला असता, श्रावण. म्हणून म्हटलं, आपणच बाहेर निंघावं. आता पाह्य, खरंच डोहात कोणी नाई."

मी तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला. पहिल्यांदाच तिला हात लावला होता मी. पाय गरम होता. सूर्य खाली गेला तसं तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, थोडी घाबरली, आणि गळ्याला हात लावून मला विचारलं, "हे इथं आत जळून राह्यलं, हे काय होय?"

मग मला कळलं.

"तहान हाय ते," मी म्हणालो, आणि ओंजळीत पाणी आणायला डोहाकडं गेलो.