बटणांच्या डबीतल्या गोळ्या

मी एक जुनी उबवणी पेटी आहे. पण मित्रांनो, पिल्लांची वाट पाहू नका. रुग्णालयाच्या तपासणी खोलीत खिडकीशेजारी माझी जागा आहे आणि माझ्या पोटात वाढतात ते रोगजंतू. शत्रूला मांडीवर घेऊन वाढवायचं, हे माझं नशीब. तो वाढला तरच त्याला कोणतं औषध मारतं ते कळतं.

कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट होता. मोठे डॉक्टर पाहुण्यांना माझ्यापाशी आणून माझ्या उबेचं कौतुक करत. आता दाराचं रबर सैल झालंय, ते चिकटपट्टीने बसवलंय, आणि मी सारखी घरघरते. नवं यंत्र आल्यापासून माझ्याकडे कुणी फिरकत नाही, एक ताई सोडून. ताई इथली तंत्रज्ञ. ती जंतूंचा पातळ थर काचेच्या बशीत पसरते, वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवते आणि बशी माझ्या हवाली करते. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसलं, की ते औषध चालतं. पूर्वी ही कडी ऐसपैस असायची. हल्ली ती आक्रसत चालली आहेत आणि माझ्या जिवाला घोर लागतो.

एकदा ताईचे वडील स्वतःच्या लघवीची बाटली घेऊन आले. अण्णा शिंपी होते. पुन्हा ताप, पुन्हा जळजळ. स्टुलावर बसताच त्यांनी माझ्याकडे कान केला.

"हिची घरघर अगदी माझ्या मशीनसारखी आहे गं."

"अण्णा, मागच्या गोळ्या संपवल्या होत्या ना?"

"ताप उतरला, थांबलो. उरलेल्या बटणांच्या डबीत ठेवल्या. मध्ये सर्दी झाली, तेव्हा त्यातल्याच घेतल्या. परवाही घेतल्या, पण गुण नाही."

जन्मभर अण्णांनी कापडाची चिंधी फेकली नव्हती. गोळ्यांचंही त्यांनी तेच केलं होतं. ताईचा चेहरा उतरला.

"सर्दी विषाणूमुळे होते. तिच्यावर जिवाणू मारणारं यातलं एकही औषध चालत नाही."

"औषध ते औषध. सगळी सारखीच की."

"सारखी कशी? औषधांचं एक घराणं जंतूच्या भिंतीची शिवण उसवतं. दुसरं त्याच्या मशीनचा दोरा तोडतं, मग आत काही तयारच होत नाही. तिसरं बेतायचा कागद फाडतं, मग दुसरा जंतू बेतता येत नाही. अर्धवट मार दिला की चिवट तेवढे उरतात, आणि शिवण पक्की घालायला शिकतात."

"म्हणजे माझ्याच हाताखाली शिकले म्हणायचे," अण्णा हसले. ताई हसली नाही.

अण्णांची बशी माझ्याकडे आली तेव्हा मी घाबरले. वाटलं, आज ऊब द्यायलाच नको. पण त्याने कुणाचं भलं होणार होतं? दुसऱ्या दिवशी ताईने दार उघडलं. शिवण उसवणाऱ्या टिकल्यांना अगदी खेटून जंतू माजले होते. कागद फाडणाऱ्यांचीही तीच गत. दोरा तोडणाऱ्या घराण्यातल्या एकाच टिकलीभोवती कडं होतं, आणि ती टिकली होती एका जुन्या इंजेक्शनची. ते मूत्रपिंडांना आणि कानांना बाधू शकतं, म्हणून डॉक्टर फार जपून देतात. ताई बशी उजेडात धरून उभी राहिली. वर वॉर्डात दाखल केलेल्या अण्णांचा ताप चढत होता, विष रक्तात पसरायची भीती होती. निवडायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्या इंजेक्शनने अण्णा वाचले. मित्रांनो, ही औषधं डॉक्टरांनी दिली तरच घ्या, सांगितलं तोवर घ्या आणि उरलेली पुढच्या आजारासाठी जपून ठेवू नका. कडी लहान होताना मला दिसतात, पण ती मोठी करणं माझ्या हातात नाही.

बरे झाल्यावर अण्णा ती डबी घेऊन आले. ताईने गोळ्या काढून घेतल्या आणि बटणं परत दिली. जाताना त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला, मग कान लावला.

"ही बंद पडली का गं?"

ताईने त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं. "नाही अण्णा, चालू आहे."

ते तसेच कान लावून उभे राहिले. आणि मी, मित्रांनो, होता नव्हता तेवढा जोर लावून घरघरत राहिले.